फॉल-पिको

माझ्या डोक्यावर चुरीबाई राहतात.
म्हणजे कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावर.
पहिल्यावर मी, माझं मशीन,
आणि दाराला पाटी: साडी फॉल, पिको, एका दिवसात.

सोळा वर्षं ऐकतेय त्यांचं चालणं.
पालिकेच्या शाळेत कवायत घ्यायच्या त्या.
निवृत्त झाल्या तरी टाच आधी, मग चवडा,
टक्-टप्, टक्-टप्,
खाटेपासून ओट्यापर्यंत नऊ.
कधीकधी मी पायडल त्याच तालावर मारायचे,
कुणाला न सांगता.

लग्नसराईच्या घाईत कळलंच नाही
नवाचे तेरा कधी झाले.
टाच वाजेनाशी झाली, नुसतंच फरफर,
ओलं फडकं लादीवरून ओढल्यासारखं.
ओट्यापाशी एका गिरकीत वळायच्या,
तिथे आता सहा बारीक पावलं.
हळू झाल्या, त्याचं काही नाही. ब्याऐंशीच्या आहेत.
पण एक लांब, दोन आखूड, मग थांबणं,
मग एकदम घाईचं लांब.
टाका असा पडायला लागला
की मी मशीन उघडते.
कुठेतरी दोरा अडकलेला असतो.

वर गेले. "पडलात का कुठे?"
"छे गं."
कोपर मात्र पदराखाली.

राजावाडीत, लादीवर पिवळी चिकटपट्टी.
निगार मुकादम नावाची मुलगी, हातात घड्याळ.
"उठा, पट्टीपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा."
एकोणीस सेकंद.
"आता तेच, शंभरातून तीन-तीन वजा करत."
सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, इथवर बाई चालल्या.
एक्याण्णवला उभ्याच राहिल्या.
अठ्ठ्याऐंशी म्हणाल्या, अगदी बरोबर,
पण पाय जागचे हलले नाहीत.

निगारने कागदावर लिहिलं, फॉल रिस्क.
मला हसू आलं, भलत्या वेळी.
जन्मभर फॉल लावतेय मी,
काठ झिजू नये, पायात येऊ नये म्हणून.
"हळू चालतात म्हणून नाही," ती म्हणाली,
"पावलागणिक फरक पडतोय, म्हणून."
माझं छत हेच म्हणत होतं.

रिक्षातून उतरलो. गेटपासून जिन्यापर्यंत
पेव्हर ब्लॉक, त्यातले दोन उचकटलेले.
मी तोंड उघडलं की बाई थांबतात.
आणि मी बडबडी.
तेव्हा ठरलं, चालताना मुकं,
सांगायचं ते उभं राहून सांगायचं.
मेथीच्या भावापायी
मेडिकलसमोर तीन मिनिटं उभ्या होतो.

संध्याकाळी ओटा धरून त्या टाचा उचलतात.
खाली ऐकू येतं, एक-दोन, एक-दोन,
मधेच एखाद्या न दिसणाऱ्या पोराला दरडावणं.

रात्री पावणेतीनला खाट करकरते.
मग काहीच नाही.
उठून जरा बसून राहायचं, निगारने सांगितलंय.
ते बसणं मला फार लांबलचक वाटतं.
मग टक्.
मी अंधारात बोटांवर मोजते.
नऊ, दहा. अकरा.
नळ सुटतो, पेला भरतो.
परतीची अजून बाकी.