सैल पुली

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत,
दुपारी पत्रा तापून टिकटिकत होता
तेव्हा शरयू यमूल यांनी गाडी आत घेतली.
सहा सिलिंडर, तळहाताएवढा टर्बो,
गिअर आपोआप पडणारे.
म्हणाल्या, "उठताना म्हशीसारखी उठते ओ, मल्लूअण्णा.
मग एकदम उधळते."

बाकड्यावर एक जुना कन्व्हर्टर असतो,
कापून उघडलेला, शिकाऊ पोरांसाठी.
समोरासमोर दोन पंखे,
एक इंजिनाचा, एक गिअरबॉक्सचा.
एकमेकांना कधीच शिवत नाहीत.
मध्ये फक्त तेल.
आणि तेलाच्या परतीच्या वाटेवर हा तिसरा, छोटा,
एकाच दिशेला फिरायला कबूल असलेला:
माघारी निघालेल्याला अडवतो, वळवतो,
पुन्हा कामाला लावतो.
प्रत्येक घरात अशी एक मावशी असते.

"टर्बोला धूर लागतो," मी म्हणालो, "धुराला फेरे.
कन्व्हर्टर घट्ट घेतला तर इंजिन बाविसशेवर गुदमरतं,
टर्बो झोपलेलाच.
सैल घेतला तर इंजिन आधी मोकळं फिरतं,
टर्बो जागा होतो, मग गाडी सुटते.
छत्तीसशेचा घ्या."

"आणि मधे जे निसटतं, ते जातं कुठं?"
"तेलात. तेल तापतं."
"सोलापुरात?"

बाहेर चव्वेचाळीस होतं.

मग त्या मागाबद्दल बोलायला लागल्या.
आमच्या शेडमध्ये आधी एकच लांब शाफ्ट होता,
प्रत्येक मागाला दोन पुल्या, एक घट्ट, एक सैल.
पट्टा सैलवर असला की माग उभा,
पट्टा आपला फिरतोय.
नाना दांडी ओढायचे ती हळू,
अर्धा पट्टा इकडं, अर्धा तिकडं, एक श्वासभर.
झटक्यानं ओढली की ताणा तुटायचा.
रेंगाळली की पट्ट्याला वास सुटायचा.
"तो वास माहितीय तुम्हाला?"

माहितीय.
माझा बाप त्याच वासात घरी यायचा.

म्हणून मग खरं ते सांगितलं, जे गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाही:
डब्यावरचा आकडा डब्याचा एकट्याचा नसतो.
पुढं कसलं इंजिन येतं, त्यावर ठरतो.
मवाळ इंजिनापुढं जो अठ्ठावीसशे,
तोच तुमच्यापुढं, दाब चढला की,
बत्तीस-तेहतीसशेला जाईल.

"मग अठ्ठावीसशेच द्या.
महिन्यातनं एक रविवार पाव मैल पळवते,
बाकी दिवस टॉवेलचे नमुने घेऊन हैदराबाद रोड.
कूलर मात्र मोठा लावा."

मी वहीत छत्तीसशे लिहून बसलो होतो.
खोडलं.
अजून वाटतं, बत्तीसशेचा चालला असता.

त्या गेल्यावर कापलेला कन्व्हर्टर उचलताना
मधला पंखा बोटानं उलटा ढकलून पाहिला.
अडला.
सुलटा ढकलला, तर फिरत राहिला,
चहा येईपर्यंत.