पेन्सिलीनं

माहितीपत्रकातल्या हिरवळीवर चौघं बसलेत,
चौघांत मिळून एकच पुस्तक,
आणि चौघंही हसतायत.
प्रत्यक्षात हिरवळीला तारेचं कुंपण आहे
आणि तारेवर कुणाचा तरी ॲप्रन वाळतोय.
आई म्हणाली, बघ, इथं कपडे वाळतात.

ती अशीच.
सुरगाण्याहून पहाटेची एसटी,
वणीला चहा नको म्हणाली,
दिंडोरीच्या पुढं नुसत्या पानांचे मांडव बघत आली
आणि सीबीएसला उतरल्यावर
माझी मार्कशीट पिशवीत आहे ना, ते तिसऱ्यांदा चाचपलं.

खिडकीतल्या मॅडमनी मला विचारलं, शाखा कुठली?
आईनं मॅडमना विचारलं, पाणी किती वाजता येतं?

वसतिगृह दाखवायला अहिररावताई आली.
दुसरं वर्ष, सटाण्याची,
पायात दोन वेगळ्या चपला.
म्हणाली, पाणी साडेपाचला. सव्वासहाला जातं.
अभ्यासिका सहाला उघडते,
पंख्याखालच्या जागेवर आधीच वही ठेवून यायची.
वही चोरीला जात नाही. जागा जाते.
रविवारी सकाळी नऊ जणींत पाच मिसळ,
रस्सा पुन्हा पुन्हा मागायचा.
मालक ओळखतो. बोलत नाही काही.

गच्चीवर नेलं.
ते पांडवलेणीचं, म्हणाली. म्हणजे डोंगर दिसतो,
लेणी आपली आपण समजून घ्यायची.
टाकीमागं बोट दाखवलं:
पहिल्या सेमला इथं रडायचं,
इथं कुणी काही विचारत नाही.
मी तर पहिल्याच प्रेझेंटेशनला
'कशाला' म्हणायचं ते 'कसाले' म्हणून गेले.
कुणी हसलं नाही गं.
नुसतं शांत झालं सगळं.
हसले असते तर बरं झालं असतं.

मी माझे शब्द मनातल्या मनात तपासू लागले,
कुठले इथं चालतील,
कुठले टाकीमागं न्यावे लागतील.

खोली नंबर चौदा. खिडकीजवळची कॉट रिकामी.
आईनं गादी दाबून पाहिली,
अंगणवाडीत तांदळाचं पोतं दाबते तशी.
मी कपाट उघडलं.
दाराच्या आतल्या बाजूला नावं:
वैजयंता, कनाशी. पुढं तीन वर्षांचे तीन आकडे.
शबिना पिंजारी, नांदगाव. तीन.
रोहिणी. गाव नाही. आकडा एकच.

ही?
लग्न, ताई म्हणाली.
मग जरा थांबून: परीक्षेला आली होती मागच्या वर्षी.
सातवा महिना. बाकात मावत नव्हती,
तिला सरांची खुर्ची दिली.
सुटली सगळ्या विषयांत.

तू पण लिही, म्हणाली. पेन्सिलीनं.
यादी लागली की पेनानं गिरव.
आणि नाही लागली तर?
तर जी येईल ती खोडेल.
खालच्या फळीवर अर्धं खोडरबर होतं,
कडा काळ्या झालेलं.

सकाळपासून सगळं विचारणारी आई
इथं काही बोलली नाही.
पिशवीतून हजेरीची पेन्सिल काढली,
टोक जिभेला लावलं
आणि माझ्यापुढं धरली.
मी नाव लिहिलं. गावापाशी हात थांबला.
ती म्हणाली, ते जरा दाबून लिही.

परतीच्या गाडीत उभ्यानं आलो,
दिंडोरीला एक सीट मिळाली, त्यावर दोघी.
यादी गुरुवारी.
मला वाटलं, तिला झोप लागली.
डोळे न उघडताच म्हणाली,
पाणी साडेपाचला ना?
हो.
मग सहाला वही ठेवायला जमतंय.