खाऱ्याखालचं गोडं

मुहर्रकच्या या घरात माझं तिसरं वर्ष.
म्हातारा याकूब पहाटे पावणेपाचला डोळे उघडतो,
म्हणजे पापण्या उघडतो. आत दुधासारखं धुकं,
खिडकीबाहेर समुद्राचं,
आणि मधे मी, थेंबांची बाटली हलवत.

जालन्याला संडेस्कूलच्या बाई म्हणायच्या,
मार्था, देवाला सगळं सांगावं, हिशेब ठेवू नये.
मी ठेवते. गॅस एजन्सीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर,
मधोमध रेघ मारून.
डावीकडे मागितलेलं, उजवीकडे आलेलं.

मागितला पगार, वेळेवर.
आला शेजारच्या अन्नम्माकडून अर्धा दुधी.
दाढ थांबू दे म्हटलं,
बशीरभाईने लवंगा दिल्या, पैसे घेतले नाहीत.
धाकटीच्या होस्टेलची फी मागितली,
तर धाकटीचाच फोन: मम्मी, मुदत वाढवलीय, रडू नको.
मी आवाज न करता रडत होते.
तिला कसं कळलं, हे कुठल्या बाजूला लिहायचं
समजेना.
रोजची भाकर मागितली, आला खुबूस,
गार झाला की चामडं.
चहात बुडवून खाल्ला. आमेन.

बाजू कधी जुळल्या नाहीत.
एजंटचे पंचेचाळीस हजार तसेच,
नवऱ्याचा खोकला तसाच,
घरावरचा पत्रा तसाच, फक्त भावजयीने
त्यावर दोन दगड जास्त ठेवलेत.

शुक्रवारी पूल ओलांडून मनामाला जाते.
मल्याळी मंडळी उठली की तमिळ यायच्या आत
मागच्या खोलीत आम्हा अकरा जणांना सव्वा तास.
खुर्च्या अजून उबदार असतात
दुसऱ्या कुणाच्या प्रार्थनेने.
इसादास पाळक आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतात,
नखांतलं ग्रीस घेऊनच उभे राहतात,
भावांनो, बहिणींनो म्हणतात, आणि पुढचं विसरतात.
आम्ही थांबतो. ते थांबणंही उपासनेतच धरतो.

परवा दुपारी वीज गेली.
याकूब घामाने निथळत होता,
मी पुठ्ठ्याने वारा घालत होते, मनात चडफडत:
बघतोयस ना तू?
तेव्हा म्हातारा बोलू लागला, तुटक तुटक,
माझ्या मोडक्या अरबीत मावेल एवढंच.

त्याचा बाप मोत्यांच्या होडीवर होता.
चार चार महिने किनारा नाही, पिंपं कोरडी पडायची.
मग एक जण पायाला दगड बांधून, पखाल घेऊन
समुद्राच्या तळाशी जायचा.
तिथे वाळूतून गोडं पाणी उसळायचं.
हाताला गार लागलं की पखालीचं तोंड तिथे धरायचं,
भरली की आवळायचं, आणि वर.
वर सगळं खारं, म्हातारा म्हणाला, हिलू खाली.

हिलू. गोड.
आपल्याकडेही म्हणतात की,
साखरेचा कण नसला तरी, गोडं पाणी.

विचारलं, आहेत का अजून ते झरे?
भराव टाकला. काही आटले. काही असतील.
आता कोण बुडी मारतंय?

रात्री कॅलेंडर काढलं, काही लिहिलं नाही.
कोडं सुटलं असं नाही. दाढ पुन्हा ठणकतेय,
याकूबचा मुलगा म्हणतो, पगार पुढच्या रविवारी.
पण ती पखाल डोळ्यांपुढून हलत नाही,
चहूकडे खारट, तोंड घट्ट आवळलेलं.
आणि तो माणूस. त्याला तळ दिसत नसणार.
गार कुठे लागतं, एवढंच चाचपत असणार.

देवा, मला पोहता येत नाही.
तुला माहीतच आहे.

पावणेपाच. थेंब. मग पेला त्याच्या ओठांना.
दोन घोट घेतो, उरलेलं माझ्याकडे सरकवतो,
आंधळ्या हाताने, थोडं सांडत.
रोज सरकवतो. रोज मी बेसिनमध्ये ओतते.

आज प्यायले.