इलिनॉयहून

टपालखर्च पत्र घेणाऱ्याने भरायचा.
पंचवीस सेंट. दिवसभराची मजुरी
मेहिटेबल मोजून देते.
केसांत गिरणीचा कापूस तसाच.

अझाहेल लिहितो, इथे दगडच नाहीत.
नांगर घातला की मैलभर अडत नाही,
काळी माती फाळाला चिकटते, तेवढीच कटकट.

तिला आठवतं न्यू हॅम्पशायरचं शेत.
बर्फ वितळलं की जमीन नवे दगड वर ढकलायची,
दोघं वेचून बांधावर रचायची.
बाप म्हणायचा, हे पीक कधी बुडत नाही.

ती पत्र उलटते.
कोपऱ्यात, शाई संपत आल्यासारखं :
धाकटी थँकफुल तापाने गेली.
खुणेला मोडकं जू रोवलंय.
तिकडून कुणी येणार असेल तर
बांधावरचा एक दगड
पाठव.