कूळ विचारताना

सप्टेंबर सरत आलेला. उगी तळ्याच्या काठाला
बोटभर बर्फाची किनार.
नारमंदाख गुडघ्यांवर बसून
हंसांची विष्ठा शोधते आहे.
कापसाची काडी फिरवते, मोडते,
गुलाबी द्रवाच्या नळीत सोडते, झाकण घट्ट:
एकशे बारा.
ओलीच हवी. वाळलेली बोलत नाही.

घोड्यावरून त्सेदेव आजोबा म्हणतात,
"जन्मभर मीही शेण वेचलं, पोरी,
पण चुलीसाठी. तू तर गारठवून
राजधानीला नेतेस!"
नायट्रोजनच्या पिंपातून वाफ उसळते.
घोडा दोन पावलं मागे सरतो.

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
हिची नोकरीच ती.

वसंतात पाच हंस मेले इथे.
सहावा जिवंत होता, मान वाकडी करून
एकाच जागी गोल गोल पोहत होता.
फोन आजोबांनीच केला,
सिग्नलसाठी टेकडी चढून, धापा टाकत.
हंस मारणं पाप, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण तो आपला आपण मेला
तर पाप कुणाच्या नावावर मांडायचं?

जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून ती दाखवते.
चारच अक्षरांची बाराखडी,
आठ तुकड्यांत साडेतेरा हजार अक्षरं.
हा तुकडा बदकांकडून उसना घेतलेला,
हा दक्षिणेतल्या कुठल्याशा कोंबडीबाजारातला,
दोन हिवाळ्यांमागचा.
इथे फांदी फुटली. इथे पुन्हा.
हा सख्खा, हा चुलत.
एका पेशीत दोघे मुक्कामाला उतरले
की तुकड्यांची अदलाबदल,
रातोरात नवं गोत्र.

आजोबा चष्मा पुसतात, परत घालतात.
"ह्याचा बाप सापडला?"
"सापडला."
"आजा?"
"तोही. खापरपणज्याच्याही मागे जाता येतं."

बराच वेळ नुसता वारा.
मग ते बोलतात, घोड्याच्या आयाळीशी बोलावं तसं:
आमच्या घरी घडीचा कागद होता,
नऊ पिढ्यांची नावं.
बापानं तो चुलीत घातला. मी जन्मलोही नव्हतो.
कुळाचं नाव घरात सापडलं तर माणूस सापडत नसे
त्या दिवसांत.
पुढे सरकार म्हणालं, आता लावा नावं.
अख्ख्या तालुक्यानं राजघराण्याचंच लावलं.
मी रकाना कोरा ठेवला.

नारमंदाखला काही सुचत नाही.
ती बोटांवर फुंकर घालते.

"आणि ह्याला नाव काय देता?"
"पक्षी, देश, नमुन्याचा आकडा, साल."
"म्हणजे देशही लागला नावाला," ते म्हणतात.
रागावलेत की हसताहेत, कळत नाही.

पलीकडे शंभरेक हंस एकदम उठतात,
पाण्यावर धावतात, थोडे उडतात,
पुन्हा बसतात. आज जायचं नाही म्हणतात बहुतेक.

आजोबा सावकाश घोड्यावरून उतरतात,
चाबकाच्या दांड्यानं गवत बाजूला करतात.
"ही घे. वाफ आहे अजून."

एकशे तेरा.