विटांवरची ब्यूक

श्रीव्हपोर्टच्या आमच्या घरात शांत खोली एकच होती:
अंगणात विटांवर उभी केलेली मामाची ब्यूक.
चाकं नाहीत, इंजिन नाही, काचा मात्र चारही शाबूत.

जुलैतल्या ओल्या उकाड्यात
डेमेट्रिक काचा वर करायचा,
पंखा मागितला की म्हणायचा, पंखा ऐकू येतो.
मागच्या सीटवर मी, मांडीवर तापलेला लॅपटॉप,
वय तेरा, हुद्दा ध्वनिमुद्रक,
पगार एक सोडा, तोही त्याने अर्धा प्यायलेला.

तो सतरा वर्षांचा.
माइकवर आईचा फाटका नायलॉनचा मोजा ताणलेला,
'प' आणि 'ब' फुटू नयेत म्हणून.
आई रात्रभर नदीवरच्या कॅसिनोत टेबलं पुसायची,
सकाळी येऊन झोपायची,
त्यामुळे आम्हाला ओरडायचं ते दबक्या आवाजात.
पुढे लोक त्याला शैली म्हणाले.

पहिल्या गाण्यात त्याच्याकडे दोन पिस्तुलं होती,
सोन्याचे दात, मायामीत घर,
आणि एक पांढरी गाडी,
जिचं नाव त्याला नीट उच्चारता येत नव्हतं.
वर्नेल मावशी भेंडी चिरत ऐकत होती.
सुरी थांबवून म्हणाली,
"पिस्तुलं ठेवतोस कुठे रे?
तुझं कपाट तर मीच आवरते."
आम्ही हसलो. तो नाही.
चार दिवस गाडीकडे फिरकला नाही.

पाचव्या दिवशी टायरच्या दुकानातून थेट आला,
नखांत काळं वंगण, हातात वही नाही.
दार लावलं आणि म्हणाला, दाब.
मी लाल बटण दाबलं.

*नट आवळतो, नट सोडवतो,*
*दुसऱ्यांची चाकं दूर धाडतो,*
*आमची गाडी विटांवर उभी,*
*मी तिच्यात बसून टेक्सस गाठतो*

इतक्यात मिस्टर ट्रुइटचा कुत्रा भुंकला,
बरोब्बर चौथ्या ठोक्यावर.
मी म्हटलं, पुन्हा घेऊ.
तो म्हणाला, राहू दे. तालात आहे तो.

शंभर सीडी काढल्या. नावं मी लिहिली,
बारांवर त्याचं नाव चुकलं.
पेट्रोल पंपावर, उकडलेल्या शेंगांच्या भांड्याशेजारी,
तीन डॉलरला एक. एकतीस खपल्या.
एक बाई परत घेऊन आली, वाजत नाही म्हणाली.
पैसे तर खर्च झालेले.
मग त्याने चार नंबरच्या पंपाशी उभं राहून
सगळंच्या सगळं तिला म्हणून दाखवलं,
मीटर पळत होता, ती टाकी भरत होती.
जाताना तिने सीडीही नेली.

पहिला कार्यक्रम बोझिअर सिटीच्या बोलिंग हॉलमध्ये, गुरुवारी.
अकरा माणसं; त्यातली चार लेन रिकामी व्हायची वाट बघत.
दुसऱ्या कडव्यानंतर टाळ्यांचा कडकडाट.
त्याने मान लववली.
सात नंबरच्या लेनवर कुणीतरी
दहाही पिना एका फटक्यात पाडल्या होत्या.
त्याला कळलं, तरी मान आणखी जरा खालीच गेली,
जणू ते अभिनंदन तोच वाटत होता.

अटलांटाहून फोन आला फेब्रुवारीत.
माणूस म्हणाला, सगळं छान, फक्त कुत्रा काढू.
डेमेट्रिक बसने गेला, बरोबर मावशीच्या डब्यातली कोंबडी,
आणि आईला न सांगता मोजा.

तिसऱ्या रात्री मला फोन.
इथे भिंतींना फोम आहे म्हणाला,
थंडी वाजते, काच खाली करायला काचच नाही,
जीभ कोरडी पडली.
कुत्र्याला ऐकव ना जरा.

मी अनवाणी कुंपणापर्यंत गेले, फोन उंच धरला.
मिस्टर ट्रुइटच्या पायरीवर
कुत्रा पाय पसरून घोरत होता.
तिकडे, दूर, बीट सुरू झाला.
एक. दोन. तीन.

मग मीच भुंकले.