वरचा एक

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला.
नवरा कुशीवर वळत म्हणाला, गावाकडचा असेल, घे.
गावाकडचा नव्हता. मुहर्रकच्या नाट्यगृहाचा होता,
म्हणजे त्याच्या हिशेबावर आम्ही बसवलेल्या पहारेकऱ्याचा,
ज्याला झोप नाही, पगार नाही,
माणसं दिसत नाहीत,
आकडा वाकडा झाला की तेवढा दिसतो.

असामान्य हजेरी. शुक्रवार. अपेक्षित बेचाळीस, आले एकशे तेरा.
असामान्य देणग्या. एकसष्ट, वीस मिनिटांत.
प्रत्येकी पाचशे एक फिल्स.
संशय: कोणीतरी चोरलेली खाती चाचपून बघतंय.
कारण नोंदवा.

मी उठून बसले. एसीचं पाणी
शेजारच्या पत्र्यावर ठिबकत होतं.
पाचशे मला समजतात. पण वर एक?
पाच फिल्सच्या खाली इथे नाणंच नाही.
एक फक्त फोनमधून जाऊ शकतो,
हवेतून, वजन नसल्यासारखा.

सकाळी बदरियाबाईंना विचारलं.
अगं, त्या म्हणाल्या, खोब्रेकरची माणसं आली होती ना.

खोब्रेकर. देवबागचा.
सहा दिवस हिद्दच्या गोदीत वेल्डर, सातव्या दिवशी आमचा पडदा.
मोटार जळली तेव्हा म्हणाला, आठवडाभर मी ओढतो.
एकोणीस वर्षं ओढला.
दोरीला गाठ मारायचा होडीची,
एका हिसक्यात सुटणारी.
आता व्हिसा संपला, मंगळवारचं विमान.
कॅम्पात सांगून आला म्हणे:
दर शुक्रवारी नटूनथटून कुठे जातो म्हणून चिडवता ना,
या. बघा एकदाचं.

दोन बस भरून आले, इस्त्रीच्या शर्टात.
सिवानचे, वारंगळचे, एक नेपाळी मुकादम.
नाटक अरबीत, एका विधवेच्या विहिरीचं, अडीच तास.
कोणाला काही कळलं नसणार.
पण पडदा उघडला तसे सगळे उभे राहिले
आणि टाळ्या.
विधवा घागर घेऊन थबकली, तिला वाटलं आपल्यालाच.
मध्यंतराला पडला, पुन्हा टाळ्या.
शेवटी तर शिट्ट्या,
आणि खोब्रेकर विंगेत, दोरी हातात,
बाहेर यायला काही केल्या तयार नाही.

प्रवेश विनामूल्य होता. दाराशी
देणगीचा काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला.
फुकट कसं बघायचं, असं कोणीतरी पुटपुटलं,
तेव्हा त्याच्या खोलीतला एक म्हातारा म्हणाला,
आहेर शून्यावर ठेवत नाहीत, वर एक टाका.
शून्य म्हणजे हिशेब मिटला.
एक म्हणजे येणं-जाणं राहिलं.

कारणाच्या खान्यात चार पर्याय:
फसवणूक, चूक, सण, इतर.
सणावर बोट जरा रेंगाळलं.
मग इतर. चाळीस अक्षरं मिळतात.
लिहिलं: पडदेवाला घरी चालला. आहेर.
लाल पट्टी हिरवी झाली,
समजून की नाइलाजाने, कोण जाणे.

तिमाहीला लेखापरीक्षक म्हणाला,
तीस दिनार पाचशे एकसष्ट.
वरचे एकसष्ट सोडून देऊ का, बाई? नजरेत भरतात.
म्हटलं, राहू देत.

पण मी सांगत होते त्या पुढच्या शुक्रवारचं.
नवी मोटार बसली, पडदा बिनआवाजाचा उघडला.
कोणी बघितलंही नाही. चाळीस माणसं,
नेहमीची, खोकणारी.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला.
असामान्य हजेरी. अपेक्षित एकशे तेरा, आले चाळीस.

एकदाच आलेल्यांची
यंत्र वाट बघायला लागलं होतं.
ते विसरायला लावायचं एक बटण असतं, मला माहीत आहे.
नवरा झोपेत म्हणाला, गावाकडचा का?
मी फोन उशीखाली सरकवला
आणि हो म्हटलं.